वायसर बदलला तरी नळ पुन्हा गळतो: नवा भाग घेण्याआधी काय बघायचं

नळ गळतो म्हणून वायसर बदलला. पंधरा-वीस दिवस शांतता. मग पुन्हा टप टप. पुन्हा वायसर. तिसऱ्या खेपेला माणूस आमच्या काउंटरवर येतो तो तावातावानेच: "काका, मागच्या वेळी डुप्लिकेट माल दिलात का?" वायसर बहुतेक वेळा बरा असतो. वायसर खाणारी गोष्ट नळाच्या आत तशीच राहिलेली असते. किंवा त्या नळात वायसर हा भागच नसतो, आणि कुणीतरी भलतंच काहीतरी घट्ट करून दिलेलं असतं.

हार्डवेअरच्या दुकानात रोज हेच चालतं, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. माझं म्हणणं एवढंच, की जुना भाग का गेला हे कळल्याशिवाय नवा विकत घेऊ नका. ते कळायला प्लंबर असावं लागत नाही. नळ उघडावा लागतो आणि निघालेल्या भागाकडे दोन मिनिटं नीट बघावं लागतं.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा

"नळ गळतो" म्हणून जे सांगितलं जातं त्यात तीन वेगळे रोग असतात. नळ पूर्ण बंद करा, फडक्याने कोरडा पुसा आणि टिश्यू पेपरचा एकेक तुकडा तोंडाला, चावीखालच्या मानेला आणि भिंतीजवळच्या फ्लँजला, म्हणजे नळामागच्या गोल चकतीला, लावा. दहा मिनिटांनी कुठला ओला झाला ते बघा. मग नळ थोडा उघडून मान आणि फ्लँज पुन्हा तपासा.

बंद नळाच्या तोंडातून थेंब पडत असेल तर पाणी अडवणारी जागा गेली: जुन्या नळात वायसर किंवा तो ज्या कडेवर दाबला जातो ती सीट, पाव फेऱ्यात चालणाऱ्या क्वार्टर टर्न नळात आतला संच, म्हणजे स्पिंडल. नळ उघडल्यावरच मानेतून पाणी झिरपत असेल आणि बंद केल्यावर थांबत असेल, तर वायसरचा काही दोष नाही. मान सीटच्या पुढे असते, तिथे पाणी पोचतंच मुळी नळ उघडल्यावर. तिथली ओ-रिंग (रबरी कडी) किंवा मानेतल्या नटाखालचं, म्हणजे ग्लँडचं, पॅकिंग गेलेलं असतं. आणि नळ उघडा असो की बंद, फ्लँजपाशी ओल कायम असेल तर भिंतीतला आट्यांचा जोड गळतोय. मग नळाच्या आतला कुठलाही भाग बदला, फरक पडणार नाही.

एक अपवाद. उंच, वाकड्या मानेचा सिंक कॉक बंद केल्यावर थोडा वेळ थेंब टाकतो. ते त्या नळीत उरलेलं पाणी असतं. पाच-दहा मिनिटांत थांबलं तर नळ उघडायच्या भानगडीत पडू नका. थांबलं नाही तर खाली एक लिटरची बाटली लावून बघा. तासाभरात भरली तर दिवसाला २४ लिटर पाणी गटारात जातंय.

फिरवून फिरवून बंद होणारा नळ: वायसर, आणि त्याच्याखालची सीट

जो नळ दोन-तीन फेरे फिरवून बंद करावा लागतो, त्यात वायसर असतो. चावी फिरवली की तिच्याखालचा दांडा, म्हणजे इथलं स्पिंडल, खाली येतं, टोकाच्या वाटीत बसलेला वायसर पितळेच्या गोल कडेवर दाबला जातो आणि पाणी थांबतं. ती गोल कड म्हणजे सीट.

वरच्या टाकीचा किंवा बाथरूमचा कॉक बंद करा, नळ उघडून साठलेलं पाणी जाऊ द्या, सिंकच्या जाळीवर फडकं टाका म्हणजे स्क्रू आत जाणार नाही. नळ अर्धा उघडा ठेवून वरचा भाग पान्याने सोडवा. पूर्ण बंद असताना सोडवायला गेलात तर वायसर सीटवर दाबलेला असतो आणि आट्यांवर उगाच जोर येतो. दुसऱ्या हाताने, किंवा दुसऱ्या पान्याने, नळाचं अंग धरून ठेवा. हल्ली भिंतीत सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा, पाइप असतो. नळाबरोबर तो पिळला गेला तर पाच रुपयांच्या वायसरपायी टाइल फोडावी लागेल.

आता जुना वायसर हातात घ्या आणि त्याचं तोंड बघा. त्यावर सीटचा गोल ठसा उमटलेला असतो. ठसा सगळीकडून सारखा आणि खोल असेल तर वायसर वयाने गेला, नवा घाला, बराच काळ चालेल. ठशात एकाच जागी चीर किंवा खाच असेल, तर खाली सीटवर त्याच जागी धारदार ओरखडा आहे. नवा वायसरही तिथेच कापला जाणार. रबर कडक, चकचकीत आणि तडकलेलं असेल तर गरम पाण्याने खाल्लंय. काळ्या साध्या रबराचा वायसर गिझरच्या नळाला टिकत नाही, तिथे गरम पाण्याचा म्हणून वेगळा मागा. आणि वायसर गोल गोल फाटलेला, मधलं भोक मोठं झालेलं असेल तर वाटीतला स्क्रू किंवा नट ढिला होता. वायसर जागेवर न राहता सीटवर घासत फिरत होता. असा नळ उघडताना गुणगुणतोही, कधी पाइपच धडधडतो. त्या आवाजाबद्दल गिऱ्हाईक विचारलं तरच सांगतं, एरवी "हवा आहे पाइपमध्ये" म्हणून सोडून दिलेलं असतं.

वायसर निवडताना जुन्या वायसरचं माप घेऊ नका. दाबून दाबून तो पसरलेला असतो. ज्या वाटीत बसतो तिचं आतलं माप घ्या. नवा वायसर वाटीत सहज पण सैल न होता बसला पाहिजे आणि सीटची पूर्ण कड झाकली पाहिजे. मोठा वायसर ब्लेडने कापून बसवायची सवय आपल्याकडे फार. कापलेली कड सरळ येत नाही, वायसर तिरका बसतो, आणि पुढचे पंधरा दिवस बरे गेले की सगळे खूश.

मग टॉर्च घ्या आणि सीट बघा. अर्ध्या इंची नळात करंगळी आत जाते. कडेवरून हलकेच फिरवा. खाच लागली, खरखर लागली, की तुमच्या वारंवार गळण्याचं कारण सापडलं. पितळेला खाच पडते कशी? वायसर थोडासा गेला की बारीक फटीतून पाणी जोरात निघत राहतं, महिनोन्महिने, आणि तेच पितळ कापतं. गळणारा नळ "चालतंय तोवर चालू दे" म्हणून वर्षभर ठेवला तर वायसरबरोबर सीटही जाते ती अशी. त्यावर उपाय सीट कटर नावाचं छोटं हत्यार. ते नळाच्या वरच्या आट्यांत बसवून हाताने हलके फेरे द्यायचे, कड सपाट झाली की थांबायचं, किस पाण्याने धुवून काढायचा. जोर लावून खोल कापलं तर स्पिंडल खाली पोचत नाही आणि नळ कायमचा बाद. प्लंबरला बोलावताना फोनवरच विचारा, "सीट कटर आहे का?" नसेल तर तो पुन्हा वायसरच बदलून जाणार आहे.

पाव फेऱ्यात बंद होणारा नळ: इथे वायसर मागू नका

गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक फ्लॅटमध्ये क्वार्टर टर्न नळ आहेत. चावी पाव फेरा फिरली की पाणी सुरू, उलट फिरवली की बंद. यात रबर दाबून पाणी थांबत नाही. आत सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटून असतात, दोघींना भोकं असतात. भोकावर भोक आलं की पाणी वाहतं, नाही आलं की थांबतं. हा सगळा संच एका पितळी कवचात असतो आणि दुकानात त्याला सरळ स्पिंडल म्हणतात.

या नळाच्या बाबतीतला आमच्याकडचा ठरलेला संवाद असा. एक काकू मोबाईल पुढे करतात. फोटोत भिंतीवरचा चकचकीत नळ.

"दादा, याचं आतलं द्या."

"काकू, आतलं काढून आणलंत का?"

"नाही हो, सगळ्यांचं सारखंच असतं ना?"

सारखं नसतं. जॅग्वार, सेरा, हिंदवेअर, पॅरीवेअर, सगळ्यांची स्पिंडलं वेगवेगळी, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही वेगळी असू शकतात. बाहेरून नळ हुबेहूब दिसतो, आत दोन मिलिमीटरचा फरक असतो, आणि सगळा घोळ त्या दोन मिलिमीटरचाच. म्हणून जुनं स्पिंडल काढून आणा. चावीवरची लाल-निळी टिकली नखाने किंवा बारीक स्क्रू ड्रायव्हरने उचला, आतला स्क्रू काढा, चावी वर खेचा. काही चाव्यांना बाजूला बारीक भोक असतं, आत एलन कीचा (षटकोनी पान्याचा) स्क्रू. मग पान्याला फडकं गुंडाळून स्पिंडल सोडवा, नाहीतर क्रोमवर ओरखडे.

आणलेलं स्पिंडल मी कशाकशाने जुळवतो ते सांगतो, म्हणजे ऑनलाइन मागवणाऱ्यांनाही उपयोग होईल.

पहिलं, नळात जाणारे आटे. बरेचदा अर्ध्या इंचाचे असतात, पण सगळ्यांचे नाहीत. इथे एक जुनी गंमत आहे. अर्ध्या इंचाचे आटे फूटपट्टीने बाहेरून मोजले तर जवळजवळ २१ मिमी भरतात, म्हणजे पाऊण इंचापेक्षाही जास्त. त्यामुळे लोक घरी मोजून "पाऊण इंची द्या" म्हणतात आणि परत येतात. खऱ्या पाऊण इंची आट्याचं बाहेरचं माप २६ मिमीच्या थोडं वर असतं. पाइपांची ही नावं जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या पोकळीवरून पडलेली आहेत, आट्यांशी त्यांचा थेट संबंध नाही. बिलावर हाच अर्धा इंच १५ मिमी म्हणून लिहिलेला असतो, त्याने गोंधळात भरच. तेव्हा नाव सांगू नका, मिलिमीटर सांगा.

दुसरं, खोली. स्पिंडलची जी कड नळाच्या तोंडावर टेकते तिथपासून बुडाच्या रबरी गादीपर्यंतचं अंतर. सगळ्यात जास्त चुकतं ते हे माप, आणि "नवीन टाकलं तरी गळतंय" या तक्रारीचं सगळ्यात मोठं कारणही हेच. स्पिंडल आखूड असेल तर बुडाची गादी नळाच्या तळाला नीट दाबली जात नाही आणि पाणी चकत्यांना वळसा घालून बाजूने निघतं. चकत्या नव्या कोऱ्या, नळ मात्र गळतोय. लांब असेल तर गादी आधी टेकते, वरची कड टेकतच नाही, आणि मानेतून पाणी येतं. मग माणूस जोर लावून आवळतो आणि आटे घालवतो.

तिसरं, चावी बसते त्या दांड्याचे दाते. मार्करने एका दात्यावर खूण करा आणि तिथून मोजा. २० दात्यांची चावी २४ दात्यांच्या दांड्यावर ठोकून बसवता येते, आठवडाभर फिरतेही. मग दाते झिजतात, चावी नुसतीच गरगर फिरते आणि नळ उघडा राहतो. दांड्याची बाहेर राहणारी उंचीही बघा. जास्त असेल तर चावी आणि नळामध्ये फट दिसते, कमी असेल तर चावी नळाला घासते.

चौथं, फिरण्याची दिशा. हे फक्त मिक्सरमध्ये नडतं. गरम-गार अशा दोन चाव्यांच्या वॉल मिक्सरमध्ये बऱ्याचदा एक बाजू उजवीकडे फिरवून उघडते आणि दुसरी डावीकडे, म्हणजे दोन्ही चाव्या दिसायला एकमेकींच्या आरशासारख्या राहतात. एकाच दिशेची दोन स्पिंडलं घातली तर एक चावी उलटी चालते. गळणार नाही, पण घरातली म्हातारी माणसं गोंधळतात आणि गरम पाणी अंगावर घेतात. तेव्हा कुठल्या बाजूचं आहे ते दुकानात सांगा.

ही चारही मापं जुळली तर दुसऱ्या कंपनीचं स्पिंडलही चालतं. एक चुकलं तर त्याच कंपनीचंही चालत नाही.

आता हे वाचून लगेच नवं घ्यायला धावू नका. जुनं आधी धुवून बघा. सिरॅमिक फार कठीण असतं, साध्या वाळूने ते सहजी झिजत नाही. पण वाळूचा कण किंवा गंजाचा कपचा चकत्यांमध्ये अडकला की त्या एकमेकींना टेकत नाहीत, आणि तशाच अवस्थेत आपण जोराने चावी पिळली की चकतीची कड तुटते. स्पिंडल काढून बादलीत बुडवा, दांडा हाताने वीसेक वेळा उघड-बंद करा. पांढरे क्षार असतील तर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. बाथरूम धुवायचं ॲसिड अजिबात नको, ते पितळ आणि क्रोम दोन्ही खातं. बुडाची रबरी गादी चपटी झाली असेल तर कित्येकदा फक्त ती बदलून काम होतं. मिळत असेल तर गादीच घ्या, पूर्ण स्पिंडलचे पैसे वाचतील. मला विक्री कमी होईल, असू दे.

मानेतलं पाणी आणि ग्रीसचा विषय

मानेत जुन्या नळांना ग्लँड नट असतो आणि आत धाग्याचं पॅकिंग. आधी नट पाव फेरा आवळून बघा, बऱ्याचदा तेवढ्यावर थांबतं. नाही थांबलं तर जुना धागा टोकदार वस्तूने काढून नवा भरा. पूर्वी सूत आणि मेण भरायचे, आता टेफ्लॉनचा दोरा पिळून भरला तरी चालतं. चावी फिरवायला जड होईल इतका नट आवळू नका.

नव्या नळात ओ-रिंग असते. तिची दोन मापं: आतला व्यास आणि रबराची जाडी. लोक पहिलंच सांगतात. आतला व्यास १२ मिमी पण जाडी दीड की दोन, यावर ती गळणार की नाही ते ठरतं. बारीक रिंग खाचेत बसते पण नळाच्या आतल्या भिंतीला लागत नाही. जाड असेल तर बसवताना कापली जाते. सिंक कॉकची फिरणारी नळी बुडाशी गळत असेल तर तिथे सहसा दोन रिंगा असतात. दोन्ही एकदम बदला, एक बदलली की दुसरी महिन्याभरात जाते.

बसवताना रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्या. गाडीचं ग्रीस, इंजिन ऑइल, व्हॅसलीन यातलं काही नको. पाण्याच्या नळात बरेचदा ईपीडीएम नावाचं रबर असतं आणि खनिज तेलाने ते फुगतं. लावल्यावर चावी अगदी लोण्यासारखी फिरते म्हणून लोकांना वाटतं काम झकास झालं. मग रिंग फुगते, अडकते, फाटते. वारंवार ओ-रिंग जात असेल तर आधी हे विचारा, की मागच्या वेळी काय लावलं होतं.

दांडीचा मिक्सर, डायव्हर्टर, जाळी

एका दांडीवर गरम-गार दोन्ही चालणाऱ्या मिक्सरमध्ये कार्ट्रिज, म्हणजे स्पिंडलच्या जागी एक अखंड संच, असतं. अंगाचा व्यास ३५ किंवा ४० मिमी ही नेहमीची मापं, बारीक मॉडेलांत २५ मिमीचंही येतं. व्यास जुळला तरी बुडाकडे बघा: काहींचं बूड सपाट असतं, काहींना पाय असतात. अडकवायच्या खुंट्या कुठे आहेत आणि दांडी अडकते तो चौकोन किती उंच आहे, हेही जुळायला हवं. दांडीखालून पाणी येत असेल तर कार्ट्रिजला धरून ठेवणारा मोठा नट आधी आवळून बघा. तो ढिला होऊन गळणारे मिक्सर बरेच येतात.

डायव्हर्टरचे, म्हणजे पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्हचे, भाग बाजारात जुळवून घ्यायच्या फंदात पडू नका. ते ज्या कंपनीचे त्या कंपनीकडूनच घ्या. भिंतीत बुजवलेल्या डायव्हर्टरच्या बाबतीत तर नक्कीच, कारण त्याचं अंग काँक्रीटमध्ये आहे आणि बाहेरून फक्त आतला संच बदलता येतो. नवीन बाथरूम करत असाल तर टाइल लावण्याआधी त्याचा आणि त्यावरच्या मॉडेल क्रमांकाचा फोटो काढून ठेवा, बिलही जपून ठेवा. दहा वर्षांनी ते मॉडेल कुणालाच आठवत नाही.

नळाच्या तोंडाची जाळी, जिला फोम फ्लो म्हणतात, तिने गळत नाही पण धार वाकडी होते किंवा कमी होते आणि लोक नळच गेला समजतात. आटे बाहेरून असतील तर बहुतेक २४ मिमी, आतून असतील तर २२ मिमी. बदलण्याआधी काढून उलटी धरून पाण्याखाली धुवा.

भिंतीजवळची ओल

इथे भाग निवडायचा म्हणजे एक्स्टेन्शन निपल. टाइल लावल्यावर भिंत पुढे येते आणि पाइपचे आटे आत राहतात, म्हणून हा जोडतुकडा लागतो. तो अखंड पितळेचा घ्या. स्वस्तातले जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, वरून क्रोम असल्यामुळे फरक दिसत नाही, पण हातात घेतलं की वजनातून कळतो. ते आतून खाल्ले जातात आणि पुढे नळ काढताना अर्धे भिंतीत तुटून राहतात. लांबीही बरोबर घ्या. किमान पाच-सहा आटे तरी आत गेले पाहिजेत. दोन आट्यांवर लोंबकळणारा नळ कितीही टेप गुंडाळली तरी गळणारच.

टेफ्लॉन टेप आट्यांच्या टोकाकडून बघताना घड्याळाच्या दिशेने गुंडाळायची, म्हणजे नळ फिरवताना ती उलगडत नाही. दहा-बारा वेढे पुरतात. आणि शेवटी नळ वाकडा राहिला म्हणून थोडा मागे फिरवून सरळ करू नका. मागे फिरवला की टेपची पकड सुटली, जोड गेला. पुन्हा काढा, एखादा वेढा कमी-जास्त करा आणि पुन्हा लावा. भिंतीतल्या सीपीव्हीसी एल्बोत (पाइपच्या वळणाच्या जोडतुकड्यात) पितळेचे आटे असले तरी बाहेरचं अंग प्लास्टिकचंच असतं. जास्त टेप आणि जास्त जोर यांनी ते आतल्या आत तडकतं आणि ओल शेजारच्या बेडरूममध्ये उमटते.

सगळं बरोबर घातलं तरी पुन्हा जातंय?

मग नळाच्या बाहेर बघा. सोसायटीची टाकी धुतली, किंवा टँकरचं पाणी सुरू झालं, की पुढच्या आठवड्यात आमच्याकडे स्पिंडलची मागणी वाढते. तळाचा गाळ ढवळला जातो आणि पाइपातून सरळ नळांत येतो. टाकी धुतल्यावर घरातले सगळे फोम फ्लो काढून ठेवा आणि नळ पूर्ण उघडे सोडून पहिलं पाणी वाहू द्या. अर्धवट उघडा नळ सगळ्यात वाईट, कारण चिंचोळ्या वाटेत कण अडकतो. सोसायटीने टाकीच्या आउटलेटवर वाय स्ट्रेनर, म्हणजे गाळ अडवणारी जाळी, बसवून घेतला आणि कुणी तो महिन्याला उघडून धुतला तर सगळ्या इमारतीचे स्पिंडलचे पैसे वाचतात. बसवतात सगळे. धुवायचं मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

दुसरं कारण प्रेशर. पाण्याची उंची दर १० मीटरला साधारण एक किलो प्रेशर वाढतं. सात मजल्यांच्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीखालच्या सातव्या मजल्यावर जेमतेम धार असते आणि तळमजल्यावर दोन किलोच्या वर. त्यामुळे वरच्या शेजाऱ्याकडे पाच वर्षं टिकलेला स्वस्त नळ तळमजल्यावर वर्षभरात गळू लागला तर त्यात नवल नाही. वरच्यांनी प्रेशर पंप बसवला तर त्यांच्या जुन्या रबरांची परीक्षा त्याच दिवशी होते. खालच्यांनी नळाखालचा किंवा बाथरूमचा अँगल कॉक (पाणी बंद करायचा छोटा कॉक) थोडा दाबून ठेवावा, वाहत्या नळाची आदळआपट कमी होते. बंद नळावरचा दाब मात्र त्याने कमी होत नाही, त्यासाठी प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्हच लागतो.

तिसरं कारण आपला हात. फेऱ्यांच्या नळाची सवय असलेला माणूस क्वार्टर टर्न नळही शेवटी कचकन पिळतो. तिथे पिळून काही उपयोग नसतो, चकती जिथे थांबायची तिथे थांबलेली असते. उरलेला जोर चावीचे दाते आणि आतला थांबा मोडतो.

आणि काही नळ दुरुस्त करायचे नसतातच. पांढरे प्लास्टिकचे पीटीएमटी नळ खाऱ्या बोअरच्या पाण्याला उत्तम, गंजत नाहीत, पण आतून गेले की पूर्ण बदला, पितळी स्पिंडल त्यांच्या आट्यांत जबरदस्तीने घालू नका. पितळी नळ उघडल्यावर आतलं पितळ पिवळं न दिसता गुलाबी-तांबूस, भुसभुशीत दिसलं तर त्यातलं जस्त पाण्याने निघून गेलंय आणि नुसतं तांबं उरलंय. अशा नळाची सीट कटरने घासली तर चुरा निघतो आणि आटे पान्याखाली तुटतात. त्याला नवा भाग घेऊ नका, नळच घ्या. सोडवताना मात्र भिंतीतला एल्बो पक्का धरा, कारण अर्धा तुकडा आत राहिला तर तो काढायला वेगळं हत्यार लागतं, आणि ते सगळ्या प्लंबरांकडे नसतं.